पांचाळांची छऱ्याची बंदूक

"ती फळी कुठल्या लाकडाची असते?" पांचाळबाईंनी विचारलं.

मी बराच वेळ त्यांना फळीची भानगड कशी टाळायची तेच समजावत होतो, आणि त्यांनी नेमकी फळीच धरून ठेवली. सहार रोडवरच्या माझ्या दोन टेबलांच्या ऑफिसात त्या समोर बसल्या होत्या. साठी ओलांडलेल्या, सडपातळ, अंगावर सुती साडी, मांडीवर कापडी पिशवी. रात्रभर एसटीत बसून गडहिंग्लजहून आल्या होत्या, पण चेहऱ्यावर शीण औषधालाही नव्हता. तिथल्या मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. समोरच्याने चुकीचं उत्तर दिलं तरी त्याला पुरतं बोलू द्यायचं, ही सवय तेव्हाही गेलेली नव्हती.

परदेशातून विमानाने आलेला माल कस्टममधून सोडवून द्यायचा, हा माझा धंदा. यंत्रांचे सुटे भाग, औषधांचा कच्चा माल, असलं नेहमीचं चालायचं. त्याच्या जोडीला जुन्या छऱ्याच्या बंदुका जमवणारी काही हौशी माणसंही माझ्याकडे जमली होती. मळ्यात पाखरं हुसकायला वापरतात तसल्या बंदुका नव्हेत. इंग्लंडात, जर्मनीत पूर्वी हाताने घडवलेल्या, नक्षीच्या दस्त्याच्या. त्यांत दारू नसते, काडतूस नसतं. आत एक स्प्रिंग दाबून अडकवायची, घोडा ओढला की ती सुटते आणि हवेच्या जोराने शिशाचा छर्रा बाहेर पडतो. अशी एखादी बंदूक मिळवायला माणसं वर्ष-वर्ष पत्रव्यवहार करायची, आणि ती विमानातून उतरली की कस्टमच्या गोदामात अडकायची. खोक्यावर 'गन' हा शब्द दिसला की कुठलाही अधिकारी आधी एक पाऊल मागे सरतो. त्याला पुढे आणायचं काम माझं.

आमच्या कामातला रिवाज असा होता की बंदूक चालू स्थितीत असेल आणि अधिकाऱ्याला तिच्या ताकदीची शंका आली, तर तिची परीक्षा व्हायची. इंचभर जाडीच्या फळीवर जवळून छर्रे झाडायचे. छर्रे फळीत अडकले तर बंदूक तुमची. आरपार गेले तर ती शस्त्र ठरली, आणि परवाना नसेल तर सरकारजमा. हातघडणीच्या जुन्या बंदुकीचा काही भरवसा नसतो. म्हणून मी सगळ्यांना सांगायचो की पाठवणाऱ्याला आतली स्प्रिंग काढून घ्यायला लावा. शोभेची, न चालणारी वस्तू म्हणून ती सरळ सुटते. काचेच्या कपाटात ठेवायला स्प्रिंग हवी कशाला?

"देवदार किंवा असंच काहीतरी मऊ लाकूड," मी म्हणालो. "पण बाई, तिथवर आपल्याला जायचंच नाही."

"छर्रा झाडतं कोण?"

"पोलिसांचा माणूस येतो."

"आणि लिहून घेतं कोण?"

"कस्टमचे साहेब. दोन पंच असतात. पंचनामा होतो, सह्या होतात."

त्यांनी मांडीवरची पिशवी सारखी केली. मग म्हणाल्या, "मग आपण तसंच करू. चालू स्थितीत आहे असं लिहा."

त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं डॉ. भडकमकरांनी. पुण्यातले हाडांचे डॉक्टर, माझं जुनं गिऱ्हाईक. बाई त्यांच्याकडे गुडघा दाखवायला गेल्या होत्या. दवाखान्यात डॉक्टरांनी बंदुकांचं एक कपाटच मांडून ठेवलेलं आहे. ते बघत बाई उभ्या राहिलेल्या पाहून डॉक्टरांनी कौतुकाने इंग्लंडहून येणारं संग्राहकांचं मासिक त्यांच्या हातात दिलं. त्यात लिलावात निघालेल्या एका बंदुकीचा फोटो होता. हिंदुस्थानी संस्थानी बनावट, कारागीर अज्ञात, असं खाली छापलेलं. दस्त्यावर पितळी कोयरी जडवलेली. बाईंनी कोयरीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या की ही माझ्या वडिलांनी केली आहे.

वडील गणपत पांचाळ एका लहान संस्थानात लोहारकाम करायचे. राजेसाहेबांच्या हौसेखातर त्यांनी मोजक्याच छऱ्याच्या बंदुका घडवल्या होत्या. त्यातली ही एक कुणा गोऱ्या पाहुण्याबरोबर विलायतेला गेली आणि हातोहात फिरत हॅलम नावाच्या म्हाताऱ्या संग्राहकाकडे पोचली. डॉक्टरांनी त्यांना लिहिलं. कारागिराची मुलगी हयात आहे म्हटल्यावर हॅलमसाहेबांनी बंदूक लिलावातून काढून घेतली आणि बाईंना देऊ केली.

मी अर्थ लावला तो कुणीही लावला असता. बापाच्या हातची वस्तू घरी आणायची आहे. म्हणूनच त्यांचा हट्ट मला कळेना. आत स्प्रिंग असली काय, नसली काय, कोयरी तर तीच राहणार होती. मी डॉक्टरांना फोन करून बाईंना समजावायला सांगितलं. दोन दिवसांनी डॉक्टरांचाच उलट फोन आला. म्हणाले, चुरी, मी प्रयत्न केला, पण त्यांच्याशी बोलताना आपण गृहपाठ न करता वर्गात आलोय असं वाटायला लागतं. तुम्ही त्या म्हणतात तसं करा.

मी तसं लिहिलं.

खोकं आलं तेव्हा ते उघडताना बाई हजर होत्या. मालाची तपासणी करायला निमकर नावाचे अधिकारी होते. पन्नाशीचे, मितभाषी, कागद नीट असला तर विनाकारण अडवणारे नव्हेत. आम्ही गवताचा भुसा बाजूला केला आणि बंदूक वर काढली. मी तोवर बऱ्याच बंदुका हाताळल्या होत्या, पण अशी पाहिली नव्हती. विलायती बंदुकांत एक कडक टापटीप असते. ही वेगळीच होती. शिसवीचा दस्ता खांद्याला लागेल तिथे तळहातासारखा किंचित खोलगट केलेला, नळीवर पानाच्या देठासारखी एकच रेघ टोकापर्यंत ओढलेली, आणि कोयरी इतकी घट्ट बसवलेली की नख फिरवलं तरी सांधा लागू नये. निमकरसुद्धा ती उलटसुलट करून बघत राहिले.

बाईंनी हात लावला नाही. वाकून कोयरीकडे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "आईनं कागदावर काढून दिली होती. पहिल्या दोन वडिलांना साधल्या नाहीत."

कागद बघून निमकरांनी भुवई वर केली. त्यांनी आपणहून बाईंना सुचवलं की एवढी जुनी चीज आहे, न चालणारी म्हणून लिहून द्या, स्प्रिंग आम्ही इथेच काढून ठेवतो, उद्या घेऊन जा. अधिकारी स्वतः वाट दाखवतो आहे असा प्रसंग माझ्या धंद्यात फार थोड्या वेळा आला. बाईंनी त्यांचे आभार मानले आणि परीक्षा कधी होईल ते विचारलं. निमकरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू हे सगळं मीच शिकवून आणलंय.

परीक्षेला काही दिवस होते. बाई गोरेगावला भाचीकडे राहिल्या. फळ्या आम्हीच आणून द्यायच्या होत्या, म्हणून मी अंधेरीच्या एका लाकडाच्या वखारीत गेलो, तर बाई आधीच तिथे येऊन उभ्या. प्रत्येक फळी त्यांनी बोटाच्या पेराने वाजवून पाहिली. एक फळी मला चांगली भरीव वाटली, ती त्यांनी बाजूला ठेवली. तिच्यात गाठ होती. गाठीवर छर्रा बसला तर अडकणारच, म्हणाल्या, मग त्याला अर्थ काय राहिला? दुसरी एक भुसभुशीत निघाली, तीही नको म्हणाल्या. वखारवाला मला हळूच विचारायला लागला की देव्हारा करायचाय का. मीही मनात म्हटलं, बाई, गाठीची फळी घेतली असती तर बंदूक आजच तुमच्या घरात होती.

परीक्षेच्या दिवशी दुपारी आम्ही गोदामाच्या मागच्या मोकळ्या जागेत जमलो. वाळूच्या पोत्यांची भिंत रचलेली, तिच्यापुढे लाकडी घोड्यावर फळी कसून बांधलेली. निमकर, दोन पंच, मी, बाई, आणि पोलिसांच्या शस्त्रागारातून आलेले हवालदार खाडे. खाडे मिशीवाले, शांत गृहस्थ. त्यांनी बंदूक हातात घेतली, दस्ता खांद्याला लावून बघितला आणि म्हणाले, ज्यानं केली त्याला माणसाच्या खांद्याची माहिती होती. बाईंनी मान खाली घातली.

खाड्यांनी स्प्रिंग दाबून अडकवली, छर्रा भरला आणि झाडला. फट् असा कोरडा आवाज. आम्ही फळीपाशी गेलो. छर्रा जेमतेम अर्धा रुतलेला, मागची बाजू कोरी. आणखी झाडले. सगळे तसेच, फळीच्या तोंडावर पुटकुळ्या आल्यासारखे. मी सुटकेचा श्वास टाकला. निमकरांनी खिशातून पेन काढलं आणि पंचांना सही करायला पुढे बोलावलं. ते हसतही होते थोडे.

"साहेब, थांबा," बाई म्हणाल्या. "यातली स्प्रिंग वडिलांची नाही."

कुणाला काही कळलं नाही. बाई पुढे आल्या. त्यांनी सांगितलं की खाडेसाहेबांनी बंदूक ताणली तेव्हा आतली तार दिसली. ती पांढरी, यंत्रावर वळलेली आहे. वडील काळी जाड तार वापरायचे, तापवून तेलात विझवलेली. जुनी मोडली असेल, म्हणून कुणीतरी ही हलकी घातली आहे, नुसती चालवून दाखवण्यापुरती. मग त्यांनी पिशवीत हात घातला आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेली एक स्प्रिंग बाहेर काढली. वडिलांनी या बंदुकीसाठी दोन वळल्या होत्या. एक आत बसवली, ही दुसरी घरच्या पेटीत होती. दरवर्षी तेल लावून ठेवत आलेय, म्हणाल्या.

खाड्यांनी ती हातात घेऊन दोन्ही टोकांनी दाबून पाहिली. दबली नाही. त्यांनी निमकरांकडे पाहिलं.

"बाई, मी आलेल्या मालाची परीक्षा करतो," निमकर म्हणाले. "तुमच्या पिशवीतल्या मालाची नाही. बंदूक पास झाली आहे. घ्या आणि घरी जा."

"बरोबर आहे तुमचं. पण मी बाहेर पडून रिक्षात बसले आणि हीच स्प्रिंग आत घातली, तर तुम्ही सोडलंत ते काय?"

निमकरांचं पेन तसंच हवेत राहिलं. ते रागावले होते, पण शंका मागे ठेवून सही ठोकून मोकळं होणारा तो माणूस नव्हता. मी बाईंना बाजूला घेतलं. अक्षरशः हात जोडले. म्हटलं, वडिलांची वस्तू हातात आलेली आहे. कशासाठी घालवताय? एवढी वर्षं ती कुठेकुठे हिंडून परत आली, तिला आता घरी जाऊ द्या.

"चुरी, तुम्ही माझ्यासाठी पुष्कळ केलंत," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता एवढंच करा, मध्ये बोलू नका."

निमकरांनी विचारलं, की हे सगळं कशासाठी ते तरी सांगा. झाडून झाल्यावर सांगते, म्हणाल्या. "आधी सांगितलं तर कुणाचा तरी हात हलेल."

निमकरांनी पंचनाम्याचा कागद बाजूला सारला आणि नवी फळी बांधायला सांगितली.

स्प्रिंग बदलायला खाड्यांना घाम फुटला. ती आत बसेचना. एकदा निसटून पोत्यावर जाऊन आदळली. शेवटी एका पंचाने दस्ता पोटाशी घट्ट धरला, खाड्यांनी सगळं वजन टाकलं आणि पेच फिरवला. बाई छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. वर्गात मुलांचा प्रयोग चाललेला असताना बाई टेबलाशी उभ्या राहतात ना, तशा.

या वेळचा आवाज वेगळा होता. कोरडेपणा गेला होता. खाडे फळीपाशी गेले, समोरून बघितलं, मग मागे गेले आणि तिथेच उभे राहिले.

"आरपार," ते म्हणाले.

फळीच्या मागच्या बाजूने लाकडाचा चिपाटा उडाला होता आणि भोकातून उजेड दिसत होता. दुसरा छर्राही तसाच गेला. बाईंनी आणखी एक झाडायला सांगितला. तोही गेला आणि वाळूच्या पोत्यात शिरला. पोत्यातून वाळूची बारीक धार गळायला लागली.

बाई हळूहळू चालत फळीपाशी गेल्या. भोकावर तळहात ठेवून काही वेळ उभ्या राहिल्या. आमच्याकडे पाठ होती, त्यामुळे चेहरा दिसला नाही. निमकर त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. त्यांच्या आवाजात आता राग नव्हता.

"बाई, आता ही तुम्हाला मिळणार नाही."

"माहीत आहे. लिहा."

सह्या झाल्या. बंदुकीला चिठ्ठी बांधून ती आत नेली गेली. निमकरांनी आम्हाला त्यांच्या खोलीत बसवलं, चहा मागवला आणि खाड्यांनाही थांबवून घेतलं. चहा निवून गेला तरी कुणी कपाला हात लावला नव्हता, कारण बाई सांगत होत्या.

त्या लहान होत्या तेव्हाची गोष्ट. राजेसाहेबांकडे एक गोरा पाहुणा आला होता. त्याने संस्थानातल्या छऱ्याच्या बंदुका पाहिल्या आणि आपल्यासाठी जास्त जोराची करून मागितली. गणपतरावांनी ही केली. पाहुणा ती घेऊन तांबरवाडीच्या माळावर तितर मारायला गेला. हाकारा घालायला गावातली माणसं होती, त्यांत सत्याप्पा चौगुले नावाचा नुकतं लग्न झालेला गडी होता. पाहुण्याचा छर्रा त्याच्या छातीत घुसला, असं बरोबरचे हाकारा घालणारे म्हणाले. सत्याप्पा चार दिवस तळमळून मेला. चौकशी बसली. चौकशीत गणपत पांचाळांना विचारलं गेलं की तुमच्या बंदुकीचा छर्रा माणसाच्या अंगात शिरेल का. त्यांनी शपथेवर सांगितलं की माझा छर्रा इंचभर फळीतूनही जात नाही, अंगरख्याखाली काय शिरणार? तेवढ्यावर प्रकरण मिटलं. सत्याप्पा दारूच्या नशेत कापलेल्या तुरीच्या टोकदार धसकटावर पडला, असं लिहून कागद बंद झाला. पाहुणा बंदूक घेऊन निघून गेला.

"सत्याप्पा माळकरी होता," बाई म्हणाल्या. "त्यानं दारूला कधी हात लावला नव्हता. त्याची बायको अजून आहे. बाजारात समोर आली की तोंड फिरवून जाते."

गणपतरावांनी पुढे एकही बंदूक केली नाही. कुलपं केली, नांगराचे फाळ केले. घरात तो विषय कुणी काढायचं नाही. शेवटच्या आजारात मात्र एकदा त्यांनी मुलीचा हात धरला आणि विचारलं, "इंदू, जात नसेल ना गं?"

"मी तेव्हा म्हटलं, नाही जात, अण्णा. ते झोपले. पण मला माहीत नव्हतं." बाईंनी आमच्याकडे पाहिलं. "घरी मी झाडून बघितली असती तर कुणी म्हटलं असतं, पोरीनं बापासाठी केलं. किंवा बापाविरुद्ध केलं. ते सरकारी कागदावर बंद झालं होतं. उघडायचं तर सरकारी माणसांसमोरच उघडायला हवं होतं. चुरींनी फळीचं सांगितलं तेव्हा मला आपोआप वाट मिळाली."

खाडे उठून उभे राहिले होते. का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

बाईंची निमकरांकडे एकच मागणी होती. बंदूक राहू दे, फळी मिळेल का? निमकरांनी विचार केला. फळी पुरावा म्हणून ठेवावी लागणार होती. त्यांनी गोदामातल्या सुताराला बोलावून ती चिरून घेतली. दोन भोकं सरकारला राहिली, एक बाईंना मिळालं. आम्ही निघालो तेव्हा निमकर फाटकापर्यंत सोडायला आले. इतक्या वर्षांत ते कुणाला सोडायला फाटकापर्यंत आलेले मी बघितले नाहीत.

बाई त्याच संध्याकाळच्या एसटीने जायचं म्हणत होत्या. मी म्हटलं, रविवारपर्यंत थांबा, मी माझ्या गाडीने सोडतो. कशाला, म्हणाल्या. मला धड कारण देता आलं नाही. फळी घेऊन एसटीत अवघडल्यासारखं होईल, असलं काहीतरी बोललो. खरं म्हणजे मला त्यांच्याबरोबर जायचं होतं, एवढंच.

तांबरवाडी गडहिंग्लजच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. गंगव्वा चौगुले आपल्या दिराच्या घराच्या सोप्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. हिरवं लुगडं नाही, कुंकू नाही, हाताची बोटं शेंगांसारखीच सुरकुतलेली. पांचाळबाईंना तिने ओळखलं आणि शेंगा फोडायचं थांबवलं नाही. बस म्हणाली नाही. बाई आपणहून खाली बसल्या. दुखऱ्या गुडघ्यामुळे त्यांना बसायला वेळ लागला. मी खांबापाशी उभा राहिलो.

बाईंनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली फळी सोडून तिच्यापुढे ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. बंदूक कुठे सापडली, कशी आली, मुंबईत काय झालं. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. गंगव्वाने फळी उचलली, उजेडाकडे धरली आणि भोकाला डोळा लावला. बराच वेळ ती त्यातून अंगणाकडे बघत होती.

"म्हंजे त्यो पिऊन पडला न्हवता," ती म्हणाली.

"छर्रा जात नाही असं वडिलांनी सांगितलं म्हणून तसं लिहिलं गेलं. छर्रा जातो. त्यांनी सांगितलं ते चूक होतं."

"तुझ्या बाला ठावं हुतं?"

मला वाटलं, नव्हतं म्हणतील आणि ते खरंही असेल.

"ठाऊक नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण चौकशीच्या आदल्या दिवशी बंदूक त्यांच्या हातात होती. पाहुण्यानं तेल घालायला पाठवली होती. अंगणात फळ्या पडलेल्या होत्या. मी तिथंच बसले होते. त्यांनी तेल घातलं, पुसली आणि देऊन टाकली. करून बघितलं असतं तर कळलं असतं. त्यांनी करून बघितलं नाही."

हे त्यांनी निमकरांच्या खोलीत सांगितलं नव्हतं. मला वाटतं, आयुष्यात कुणालाच सांगितलं नव्हतं.

गंगव्वाने फळी मांडीवर ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिने सासूची आठवण काढली. पोराला दारुड्या म्हणतात म्हणून सासूने हळदीकुंकवाला, लग्नाकार्याला जायचं सोडलं होतं, ते मरेपर्यंत. मग पांचाळबाईंकडे नीट बघून म्हणाली, "बाचं खोटं काढाया एवढ्या लांब गेलीस."

"खरं काय ते बघायला गेले होते. वाटलं होतं, तेच खरे निघतील."

आतून एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. गंगव्वाने तो आपल्या हातात घेतला आणि पांचाळबाईंच्या पुढे धरला. त्या पाणी प्यायल्या. मला वाटलं, झालं. ज्यासाठी आलो होतो ते झालं. मी गाडीची किल्ली चाचपली.

"पर ह्ये मला सांगून काय उपेग?" गंगव्वा म्हणाली. "मला पयल्यापास्नं ठावं हुतं. मी त्याच्या उशाशी बसल्याली." तिने देवळापुढच्या पाराकडे हात केला. संध्याकाळची गावातली माणसं तिथे जमायला लागली होती. "त्यास्नी सांग."

मी बाईंकडे पाहिलं. प्रवासाने, गुडघ्याने आणि त्या आठवड्याने त्या थकल्या होत्या. गणपत पांचाळांचं नाव त्या मुलखात अजून मान देऊन घेतलं जात होतं. त्यांच्या हातची कुलपं अजून कितीतरी दारांना होती. बाई एका हाताने खांब धरून उठल्या, पदर खांद्यावरून घेतला आणि फळीसाठी हात पुढे केला. गंगव्वाने फळी दिली नाही. ती काखेत मारून स्वतःच उठली आणि पुढे चालू लागली. रस्ता चढाचा होता. दोघी म्हाताऱ्या सावकाश, मध्ये थांबत, एकमेकींशी न बोलता चालल्या होत्या. मी मागे.

पारावर म्हातारे होते, तरणे होते. कुणी तंबाखू मळत होतं, कुणी नुसतंच बसलेलं. गंगव्वाला पांचाळांच्या मुलीबरोबर येताना बघून बोलणी थांबली. एक म्हातारा तर उठूनच उभा राहिला. गंगव्वा पाराच्या कट्ट्याशी जाऊन थांबली आणि तिने फळी दोन्ही हातांनी छातीपुढे उभी धरली, सगळ्यांना दिसेल अशी.

बाईंनी एकदा चौफेर पाहिलं. मग ज्या आवाजात त्यांनी एवढी वर्षं मुलींना शास्त्र शिकवलं असेल, त्या आवाजात त्या बोलायला लागल्या.

"माझं नाव इंदुमती गणपत पांचाळ. माझ्या वडिलांनी सत्याप्पा चौगुल्यांबद्दल चौकशीत जे सांगितलं, ते चुकीचं होतं. कसं चुकीचं होतं ते मी आता सांगणार आहे. मागे ज्यांना ऐकू येत नसेल त्यांनी पुढे या."

माणसं पुढे सरकली.